अवघड इंग्रजी शब्द वाक्यात बसवताना : सोलापूरकरांचे अनुभव

अवघड इंग्रजी शब्द पाठ करणारे पुष्कळ भेटतात. तो शब्द स्वतःच्या वाक्यात बसवताना आपण कुठे अडखळलो, हे सांगणारे मात्र थोडे. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी अशा वातावरणात वाढलेल्या आपल्या शहरातील मंडळींनी आपला अनुभव, शक्यतो वाक्यासह, येथे लिहावा, ही विनंती. आरंभ मी करतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. ‘युबिक्विटस’ म्हणजे सर्वव्यापी, असे मी फळ्यावर लिहून दिले आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या वह्यांत ‘गॉड इज युबिक्विटस’ हेच वाक्य आले. दोष मुलांचा नव्हता, माझ्या प्रतिशब्दाचा होता. ईश्वरासाठी इंग्रजीत ‘ऑम्निप्रेझंट’ रूढ आहे. जिकडे पाहावे तिकडे आढळणाऱ्या वस्तूला ‘युबिक्विटस’ शोभतो. तेव्हापासून मी अर्थ न देता ‘इन सोलापूर, शेंगा चटणी इज युबिक्विटस’ हे वाक्यच देतो.

टॉवेल निर्यात, अक्कलकोट रस्ता
परदेशी ग्राहकाला पत्र लिहिताना ‘फेमस’ हा शब्द मला फारच साधा वाटला. मोबाइलवरील समानार्थी शब्दांच्या यादीतून ‘नोटोरियस’ उचलला आणि आमचे टॉवेल टिकाऊपणासाठी ‘नोटोरियस’ आहेत, असे कळवून मोकळा झालो. आपल्याला बहुधा ‘रिनाउन्ड’ म्हणायचे असावे, असे त्याने सौजन्याने उत्तर दिले. ‘नोटोरियस’ म्हणजे कुप्रसिद्ध, हे त्या दिवशी कळले ते कायमचे. आता वहीत शब्दाशेजारी त्याचा अर्थ लिहीत नाही, तो कोणाच्या शेजारी बसतो ते लिहितो.

निवृत्त, वडील यंत्रमाग कामगार
मला शब्द लक्षात राहू लागले ते मागाच्या वाटेने. ओले लोकरी कापड आक्रसू नये म्हणून ते ‘टेंटर’ नावाच्या लाकडी चौकटीवर ताणून बसवीत. त्या चौकटीचे आकडे म्हणजे ‘टेंटरहुक्स’. निकालाच्या आदल्या रात्री ‘वुई वेअर ऑन टेंटरहुक्स’ असे म्हणताना जीव कसा ताणलेला असतो, हे मागावरच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘शॉडी’ हे एकोणिसाव्या शतकात यॉर्कशरमध्ये चिंध्या पिंजून पुन्हा विणलेले लोकरी कापड. आज निकृष्ट कामाला ‘शॉडी वर्क’ म्हणतात. ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्टाइल’ हे दोन्ही शब्द विणणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत. हे कळल्यावर, मजकूर लिहिणाऱ्यांनी विणकराशी थोडे नमून बोलावे, असे मला वाटू लागले!

स्पर्धा परीक्षेचा उमेदवार
रोज ५० शब्द घोकत होतो. तिसऱ्या दिवशी पाटी कोरी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजुळण्या स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि तो अभ्यास १८८५ मध्ये प्रसिद्ध केला, असे वाचले. माझी यादी मलाही तितकीच निरर्थक होती. आता रोज सातच शब्द घेतो, प्रत्येकाचे एक वाक्य रचतो आणि पहिल्या, तिसऱ्या, सातव्या व पंधराव्या दिवशी वाक्य झाकून शब्द आठवतो.

गृहिणी, बाळीवेस
मुलीने निबंधात कडक भाकरीला ‘ब्रिटल’ म्हटले आणि शाळेत ते बरोबर ठरले. मला ते पटले नाही. म्हातारपणी हाडे ‘ब्रिटल’ होतात. त्या शब्दात ठिसूळपणाची काळजी आहे, कौतुक नाही. शब्दकोश उघडून आम्ही दोघींनी ‘क्रिस्प’ पक्का केला. पण तीच भाकरी आमटीत कुस्करल्यावर जी होते, तिला ‘सॉगी’ म्हणायला मी तयार नाही, कारण त्या शब्दात नाक मुरडलेले दिसते. कोणाला याहून बरा शब्द सुचत असेल तर अवश्य लिहावा.