साडेचार वर्षांची बॅटरी आताच बदलावी की अजून चालवावी?

कासारवडवलीकर

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. बॅटरी गाडीसोबतच आलेली, कोड ३८बी२०एल, क्षमता ३५ एएच (अँपिअर-तास), साडेचार वर्षं झाली. गाडी सोसायटीच्या पोडियममध्ये सलग दोन-तीन दिवस उभी असते. बाहेर निघाली तरी माजिवडा नाहीतर ठाणे स्टेशन, तेही घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये. डॅशकॅम आहे, पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू. उभ्या गाडीला पहिला सेल्फ मारला की जरा जड लागतो, नंतर दिवसभर काही नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, तीन वर्षं झाली की बदलूनच टाकायची. असा काही नियम आहे का? मल्टिमीटर घरात आहे. काय मोजायचं आणि कुठल्या आकड्याला बदलायची, एवढं सांगा. पावसाळा तोंडावर आलाय.

तुर्भे ऑटो इलेक्ट्रिक

नियम नाही. आपल्याकडे तीन ते पाच वर्षं हा अंदाज आहे. रोज लांब पल्ल्यावर जाणाऱ्या गाडीत पाच वर्षं सहज निघतात आणि उभ्या राहणाऱ्या गाडीत अडीच वर्षांतही खेळ संपतो. वय बघून बदलू नका. तीन वर्षांनंतर मात्र दरवर्षी टेस्ट करा, पावसाळ्याआधी.

आपल्या हवेत बॅटरी मरते ती उष्णतेने. बॅटरीचं तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते, पाणी उडतं. आणि आपल्याकडची बॅटरी आधी कल्पना देत नाही. थंड प्रदेशात इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो, त्यामुळे कमजोर बॅटरी पहिल्या थंडीतच उघडी पडते. ठाण्यात जानेवारीतही इंजिन तेवढं गार होत नाही. अर्धी मेलेली बॅटरी महिनोन्महिने गाडी चालू करून देते आणि मग एके दिवशी नुसती टिक-टिक. तुमचा सेल्फ जड लागतोय, म्हणजे तुम्हाला इशारा मिळालाय. तो सोडू नका.

मोजायचं असं. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी बॉनेट उघडा, चावी न लावता थेट टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. गाडी बंद केल्या केल्या मोजू नका. प्लेटवर वरवरचा चार्ज असतो, तो आकडा फुगवून दाखवतो.

दुसरं, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. मीटरला मिन-मॅक्स असेल तर लावा, कारण सगळ्यात खालचा आकडा क्षणभरच येतो. आपल्या उकाड्यात चांगली बॅटरी १० च्या वरच राहते.

तिसरं, इंजिन चालू ठेवून १३.८ ते १४.५. हेडलाइट, ब्लोअर लावून थोडी रेस दिल्यावरही १३.५ च्या खाली नको. हे कमी आलं तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), बेल्टचा किंवा अर्थिंगच्या वायरचा. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तर तीही उतरेल. नवीन गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे मध्येच १२.८ दिसलं तरी घाबरू नका.

बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर निर्णय घेऊ नका. तो सहापैकी एकाच सेलमधला हायड्रोमीटर आहे, म्हणजे ॲसिडची घनता दाखवणारा. बाकी पाचातला एखादा सेल गेला तरी डोळा हिरवाच.

खारघर सेक्टर २०

वर सांगितलेलं सगळं बरोबर, पण मला डॅशकॅमचा संशय जास्त येतो. नवी बॅटरी घ्यायच्या आधी ड्रेन मोजा, म्हणजे बंद गाडी बॅटरीतून किती करंट खाते ते, नाहीतर दोन वर्षांत हाच प्रश्न पुन्हा येईल.

मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर. निगेटिव्ह केबल काढा, मीटरची एक पिन केबलला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. बॉनेटचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेवा, दारं लॉक करा, चावी लांब ठेवा आणि पाऊण तास थांबा. सगळे कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. आधी पाहिलंत तर आकडा मोठा दिसेल. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक.

५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच, ३५ एएचची बॅटरी अर्धी व्हायला दोन आठवडे. पार्किंग मोडमधला डॅशकॅम २५० खात असेल तर दिवसाला ६ एएच, म्हणजे तीन दिवसांत अर्धी. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होतात. ते नंतर चार्जिंगने पूर्ण विरघळत नाहीत आणि क्षमता कायमची जाते.

माजिवड्यापर्यंतच्या फेरीने हे भरून निघत नाही. खुद्द सेल्फ फार खात नाही, दीड-दोनशे अँपिअर पण एक-दोन सेकंदच. खरी अडचण अशी की ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असतं, तेव्हा अल्टरनेटर कमी देतो आणि एसीचा ब्लोअर, रेडिएटर फॅन, लाइट तेच खाऊन टाकतात. शिवाय शेवटचे वीस टक्के भरायला तासन् तास लागतात. गाडी उभी ठेवून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवणं म्हणजे पेट्रोल जाळणं. आठवड्यातून एकदा ठाणे-बेलापूर रस्त्याने पाम बीचवर जाऊन या, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर तासभर. ते जमत नसेल तर ऑटोमॅटिक चार्जर घ्या, पोडियममध्ये प्लग पॉइंट असेल तर सगळ्यात उत्तम.

कासारवडवलीकर

मोजलं. सकाळी १२.२८. सेल्फला ९.३. इंजिन चालू असताना १४.२, सगळे लोड लावून १३.७. ड्रेन २६० मिलिअँपिअर, डॅशकॅमची वायर काढली की २८. मग बॅटरी गेली असं धरायचं का?

तुर्भे ऑटो इलेक्ट्रिक

अजून नाही. अल्टरनेटर ठणठणीत आहे. पण १२.२८ ची बॅटरी साधारण निम्मीच भरलेली आहे. उपाशी बॅटरीची टेस्ट घेऊन तिला नापास करता येत नाही. आधी ३.५ अँपिअरच्या आसपासच्या ऑटोमॅटिक चार्जरवर रात्रभर लावा, क्षमतेच्या दहा टक्के करंट हे माप. बॅटरीला पाण्याची झाकणं असतील तर लेव्हल बघा. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला आणि खुणेपर्यंत चार्ज झाल्यावर. नळाचं पाणी नाही, ॲसिड तर अजिबात नाही. खोलीत हवा खेळती ठेवा, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. बॅटरी फुगलेली दिसली किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर लगेच बंद करा, अशी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही.

मग डॅशकॅम काढून एक रात्र ठेवा आणि पुन्हा मोजा. १२.६ टिकलं आणि सेल्फला ९.६ च्या वर राहिलं तर फक्त डॅशकॅमचा बंदोबस्त करा. सेल्फ न मारताच १०.५ च्या आसपास आलं तर एक सेल शॉर्ट आहे.

कासारवडवलीकर

रात्रभर चार्ज केली, डॅशकॅम काढून ठेवला. सकाळी १२.४५, सेल्फला ९.२.

तुर्भे ऑटो इलेक्ट्रिक

बदला. पूर्ण चार्ज करूनही एका रात्रीत १२.४५ आणि सेल्फला ९.२, म्हणजे प्लेटांत दम राहिलेला नाही. खात्री हवी असेल तर बॅटरीच्या दुकानात डिजिटल टेस्टर लावून घ्या. लेबलवर छापलेल्या सीसीएच्या (कोल्ड क्रँकिंग अँपिअर, थंडीत सेल्फला करंट देण्याची ताकद) तुलनेत प्रत्यक्ष किती भरतंय ते बघा. ते ६०-७० टक्क्यांच्या खाली असेल तर प्रश्नच मिटला.

खारघर सेक्टर २०

घेताना कोड तोच घ्या, ३८बी२०एल. बी म्हणजे रुंदी-उंचीचा वर्ग, २० म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी. एल आणि आर टर्मिनलच्या बाजू सांगतात. आर घेतलीत तर केबल ताणावी लागेल. "मोठी टाका, जास्त चालते" म्हणून बी२४ गळ्यात मारतात. ती ट्रेमध्ये नीट बसत नाही, वरची पट्टी आवळली जात नाही आणि आपल्या खड्ड्यांत हादरून प्लेटांवरचा मसाला झडतो. इतर कोणी वाचत असेल तर, सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम या जास्त दणकट प्रकारचीच बॅटरी हवी. साधी बॅटरी त्या वारंवारच्या चढउताराला टिकत नाही.

दुकानात उत्पादनाची तारीख विचारा, तीन महिन्यांपेक्षा जुनी नको. समोर मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी "२४ अधिक २४" असेल तर पहिले २४ महिने फुकट बदलून, पुढचे २४ वापरानुसार सूट. दोन्ही मिळून चार वर्षं फुकट असं समजू नका. जुनी बॅटरी तिथेच द्या आणि बिलात तिची वजावट घ्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे ती अधिकृत पुनर्वापराकडे जायला हवी, रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे नाही.

बसवताना दहा नंबरचा पाना. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. केबलच्या टोकावर पांढरी-हिरवी पूड असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पूर्ण कोरडं करा, घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरचं टोकही तपासा. ते गंजलं की नव्या बॅटरीवरही सेल्फ जड लागतो.

डॅशकॅमच्या वायरिंग किटचा कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला तो आपोआप बंद होतो) १२.२ च्या वर ठेवा, ११.८ वर ठेवला तर बॅटरी रिकामी होईपर्यंत तो चालतच राहतो. किटला ती सोय नसेल तर चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर जोडा.

तुर्भे ऑटो इलेक्ट्रिक

एक भर. बदलल्यावर ऑटो-अप काच पूर्ण वर जाणार नाही. बटण वर ओढून काच बंद झाल्यावरही काही सेकंद धरून ठेवा, म्हणजे सेट होते. घड्याळ लावावं लागेल. आयडल पहिले काही किलोमीटर थोडं वर-खाली होईल, तो दोष नाही. आणि वॉरंटी कार्डावर बॅटरीचा सिरियल नंबर, विक्रीची तारीख आणि दुकानाचा शिक्का तिथेच उभं राहून घ्या. तारीख नसलेल्या कार्डावर क्लेम करताना फार त्रास होतो.