भरतकामाचे दोरे : नंबरानं लावायचे की रंगानं?

रानजाई, खानापूर

नमस्कार मंडळी. मी मॅटीवर, म्हणजे चौकटी विणीच्या भरतकामाच्या कापडावर, क्रॉस स्टिच करते. कशिद्यातले गवंती नि मेंथी हे टाके येतात, बाकी शिकायचंय. सासूबाईंनी त्यांचा दोऱ्यांचा पत्र्याचा डबा परवा माझ्या हवाली केला. डोळ्यांना आता सोसत नाही म्हणाल्या. डब्यात अँकर कंपनीच्या लड्या आहेत, पण निम्म्यांचे कागद निघालेत. मधोमध हिरव्या-पोपटी दोऱ्यांचा मोठा गुंता आहे. माझ्या स्वतःच्या डीएमसी कंपनीच्या लड्या वेगळ्या पिशवीत असतात.

आता विठ्ठल-रखुमाईचा नमुना घ्यायचाय. रंग तीसच्या वर आहेत, त्यात निळे नि जांभळे एकमेकांच्या इतके जवळचे की रात्री ट्यूबच्या उजेडात फरक कळतच नाही. मला वेळ मिळतो तो जेवणं आवरल्यावरच.

तर दोरे नंबरानं लावायचे की रंगानं? दोन कंपन्यांचे एकत्र ठेवलेले चालतात का? आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, श्रावणापर्यंत कपाटातल्या कपड्यांनाही वास लागतो. सासूबाईंचे दोरे आहेत, ते नीट राहावेत एवढं मनापासून वाटतं.

शेवंती, टिळकवाडी (बेळगाव)

अगं, सासूनं डबा दिला म्हणजे विश्वासानं दिला. नीटच ठेवायचा तो.

मी घरी मुलींना भरतकाम शिकवते, तेव्हा दोऱ्यांचा पसारा माझ्याकडे कायमचाच. माझं मत स्पष्ट आहे: नंबर. नमुन्याचा तक्ता तुला नंबर सांगतो, 'गडद निळा' एवढंच सांगून भागत नाही. नंबरानं लावलेला दोरा वीज गेली तरी हाताला सापडतो.

कंपन्या मात्र वेगळ्या ठेव, अगदी वेगळ्या डब्यात. दोघींचे नंबर आपापले असतात. डीएमसीचा ३१० म्हणजे काळा. अँकरमध्ये काळा हवा तर ४०३ घ्यायचा, तिथला ३१० तपकिरी निघतो. एकाच खणात दोन ३१० पडले की घोळ ठरलेलाच. बदली नंबरांचे तक्ते मिळतात, पण त्यातला जोड 'जवळचा' असतो, तोच नसतो. विठोबाचा चेहरा-अंग ज्या कंपनीच्या दोऱ्यानं सुरू करशील, त्याच कंपनीच्या दोऱ्यानं पुरं कर.

आता गुंडाळायचं कशावर? बाजारात प्लास्टिकची चपटी बॉबिन मिळतात, चांगली असतात. मी लग्नपत्रिका वापरते. आपल्याकडे लग्नसराईत पत्रिकांना काय तोटा! जाड, कोरी बाजू बघून चौकोन कापायचा, दोन बाजूंना खाच घ्यायची, आणि दोरा गुंडाळायच्या आधी वर नंबर लिहायचा. 'मागाहून लिहू' म्हटलं की राहतंच. सोनेरी छपाईचा भाग टाकून दे, ती चमक फिक्या दोऱ्याला लागते. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा तर नकोच, त्यात तूप मुरलेलं असतं.

गुंडाळताना दोरा ताणायचा नाही. ताणून गुंडाळलेल्या दोऱ्याला घड्या पडतात आणि टाका बसतो तेव्हा त्या दिसतात. पडल्याच तर ओल्या बोटांतून दोरा एकदा ओढून घे, सरळ होतो. जरीचा दोरा कार्डावर घेऊच नकोस, त्याचा पापुद्रा सुटतो. तो त्याच्या रिळावरच बरा.

एक लडी ८ मीटरची, दोरा सहा पदरी. चौदाच्या मॅटीवर (इंचाला चौदा चौकटी) आपण दोन पदर घेतो, म्हणजे एका तुकड्यातून तीन वेळा सुई भरते. पण बाह्यरेषेला एकच पदर लागतो, आणि खरा पसारा तिथून सुरू होतो. उरलेले सुटे पदर उशीला, पदराला, खुर्चीच्या हाताला! प्रत्येक नंबरासाठी चेनची छोटी प्लास्टिक पिशवी कर, कार्ड नि सुटे पदर त्याच पिशवीत. एका नमुन्याच्या सगळ्या पिशव्यांना भोक पाडून कडीत ओव. काम संपेपर्यंत ती कडी मोडायची नाही.

दोरा हातभरच काप, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. पदर एकेक करून वर ओढून सोडव, मग हवे तेवढे जोडून घे. दोन एकदम ओढलेस की गाठ बसतेच.

निपाणीची मावशी

मी रंगानं लावते बघ. माझं काम इरकली साडीवरचं, तक्ता नसतोच. चंद्रकळेवर कशिदा घालायचा तर लाल, केशरी, मोरपंखी, हिरवा शेजारी ठेवून बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. कार्डावर नंबर मीही लिहिते, पण खण रंगाचे. तू तक्त्यावरून करालीस, तर शेवंती म्हणते तसंच कर. पुढं स्वतःच्या मनानं नमुना घालाय लागलीस की रंगाचे खण कर.

बिननावाचं स्वस्त रेशीम असेल तर ते कापसाच्या दोऱ्यात मिसळू नको. लाल नि मरून आधी पांढऱ्या ओल्या फडक्यावर दाबून बघ. रंग उतरला तर ते विठोबाच्या जवळपास सुद्धा आणायचं नाही.

रानजाई, खानापूर

मावशी, शेवंतीअक्का, खूप आभार. पत्रिका घरात ढीगभर आहेत, आजच कापायला घेते. फक्त सासूबाईंच्या बिनकागदाच्या लड्यांचं काय करू? नंबर कसा कळणार?

शेवंती, टिळकवाडी (बेळगाव)

बेळगावला येशील तेव्हा सगळ्या घेऊन ये. दोऱ्यांच्या मोठ्या दुकानात अँकरचं शेड कार्ड असतं, खऱ्या दोऱ्याचे तुकडे लावलेलं. दुपारी गर्दी कमी असताना जा आणि कार्ड दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात मागून घे. लडी तुकड्यावर आडवी धर, डोळे बारीक करून बघ. तुकड्यात दोरा हरवला तर तोच नंबर. कडा वेगळी दिसली तर शेजारचा बघ. जुन्या दोऱ्याचा रंग थोडा विटलेला असू शकतो, म्हणून नंबरापुढे 'जुना' असं लिहून ठेव नि मोठ्या एकरंगी जागेत नवा-जुना मिसळू नकोस. फुलं, पानं, काठ यांत खुशाल वापर.

आणि तो हिरवा गुंता कात्रीनं कापू नकोस. ताटात पसर, मधून ओढायचं नाही, कडेचे फास सैल करत जा. सासूबाईंना शेजारी घेऊन बस. कुठला हिरवा कशाला आणला होता ते त्यांना आठवेल.

वडगावकर

आमचं घर मागाचं, दोरा नि दमट हवा यांच्यातच वाढलो. ताई, पत्र्याचा डबा पावसाळ्यात नको, आतून गंजला की तांबडा डाग दोऱ्यावर उतरतो आणि तो जात नाही. प्लास्टिकचा खणांचा डबा घ्या, हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू ठेवायचा मिळतो तो स्वस्त पडतो. बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या त्यात टाका. दोरे कोरड्या दिवशीच बंद करा, ओलसर हवेत बंद केले तर ओल आतच राहते. पावसानं उघडीप दिली की डबा तासभर सावलीत उघडा ठेवायचा, उन्हात नाही, रंग विटतात. डांबराच्या गोळ्या दोऱ्याला भिडू देऊ नका, वेगळ्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा.

ट्यूबच्या जागी पांढऱ्या उजेडाचा टेबल लँप डाव्या बाजूला घेतलात तर रात्रीही निळा-जांभळा बराच ओळखू येईल. डावखुऱ्या असाल तर उजवीकडे.