ओरेगनचा गॅस टॅक्स: कोरोलाचं टायटल आत्ता करू का थांबू? आणि लोक सहा सेंटवर एवढे का पेटलेत?

हिल्सबोरोची_सून
नमस्कार मंडळी, प्रश्न दोन आहेत, एक कामाचा आणि एक नुसता डोक्यात फिरतोय तो.

कामाचा आधी. ओळखीतली एक फॅमिली कायमची पुण्याला परत चाललीये, त्यांची २०१४ ची कोरोला आम्ही घेतोय. नवऱ्याचा जॉब गेल्या वर्षीच्या लेऑफमध्ये गेला, आता सालेमला कॉन्ट्रॅक्ट मिळालंय, आठवड्यातून तीन दिवस जाऊन येऊन शंभर मैल, त्यामुळे दुसरी गाडी लागणारच. मध्यंतरी ऐकलं होतं की जानेवारीपासून गॅस टॅक्स (म्हणजे पेट्रोलवरचा) गॅलनला सहा सेंटने, शिवाय रजिस्ट्रेशन, टायटलची (गाडी नावावर करायची) फी सगळंच वाढणार, मग ऐकलं की थांबलं, आता कोण म्हणतं पुन्हा येणार. तर टायटल लगेच करून टाकू का थोडं थांबून बघू?

दुसरं असं की गेल्या महिन्यात ग्रोसरीच्या दुकानाबाहेर एक आजोबा टाइप माणूस उभा होता, पाऊस चालू, टोपी पूर्ण भिजलेली, क्लिपबोर्डला झिपलॉकची मोठी पिशवी चढवलेली आणि पेन त्या पिशवीच्या आत हात घालून चालवायचं. ही वाढ मतदानाला टाकायचीये, सही करणार का म्हणाला, मी म्हटलं सिटिझन नाहीये. तर म्हणाला, टॅक्स तर तुम्हीपण भरणार ना, आणि हसून पुढच्याकडे वळला. मी गाडीत येऊन हिशोब केला, सहा सेंट म्हणजे पाच-साडेपाच रुपये, तेपण गॅलनला, लिटरला दीड रुपयासुद्धा पडत नाही. एवढ्यासाठी माणसं पावसात उभी राहतात? मला खरंच कळत नाहीये, चिडू नका कोणी.

अर्धी_मिसळ
ताई, टायटलचं थांबायचा प्रश्नच येत नाही, गाडी घेतल्यापासून ३० दिवसांत टायटलला अर्ज करावाच लागतो, नाहीतर वर लेट फी. आणि आत्ता केलंत तर जुन्या फीमध्ये होईल कारण लोकांच्या सह्यांमुळे वाढ मतदान होईपर्यंत गोठलेली आहे. वाढ लागू झाली असती तर टायटललाच १३९ डॉलर जास्त पडले असते. एक मात्र विसरू नका, हिल्सबोरो पोर्टलंडच्या पट्ट्यात येतं त्यामुळे २०१४ च्या गाडीला डीईक्यूची (राज्याचं पर्यावरण खातं) धुराची टेस्ट लागणार, चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर व्यवहाराच्या आधी त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या, नंतर ते पुण्यात आणि तुम्ही दिवा बघत इथे.

आता सहा सेंटचं. तुमचंच उदाहरण घेऊ. नवरा वर्षाला १५,००० मैल चालवणार, कोरोला ३० चं अॅव्हरेज देईल, म्हणजे ५०० गॅलन, सहा सेंटने झाले ३० डॉलर वर्षाचे. हे दाखवायचे दात. खायचे बघा: रजिस्ट्रेशन गाडीमागे वर्षाला ४२ डॉलर जास्त, दोन गाड्या म्हणजे ८४, आणि आपल्याकडे दोन वर्षांचं एकदम भरतात त्यामुळे हातातून एका फटक्यात जातात. शिवाय बस-ट्रेनच्या ट्रान्झिटसाठी पगारातून ०.१ टक्का कापतात तो ०.२ होणार होता, ८०,००० पगाराला ८० डॉलर जादा. म्हणजे गॅस टॅक्स सगळ्यात छोटा, पण बोर्डावर रोज दिसतो तोच, म्हणून शिव्या त्याला.

डांबरवाला
मी रस्त्यांच्याच धंद्यात आहे (कन्सल्टंट, सरकारी नोकर नाही), त्यामुळे माझं मत कोणाला आवडणार नाही ते माहितीये, तरी लिहितो.

गॅसवर टॅक्स लावणारं देशातलं पहिलं राज्य म्हणजे आपलं ओरेगन, १९१९ साली, गॅलनला एक सेंट. तेव्हापासून पद्धत तीच, टक्केवारी नाही, ठरलेले सेंट. किंमत दुप्पट झाली तरी सरकारला तेवढेच सेंट. आणि गाड्यांचं अॅव्हरेज वाढत गेलं, इलेक्ट्रिक आल्या, म्हणजे रस्ता तेवढाच झिजतो पण गॅलन कमी विकले जातात. केंद्राचा १८.४ सेंट तर १९९३ पासून जागचा हललेला नाही, ९३ मध्ये डांबर काय भावाने होतं आणि आज काय आहे ते मला विचारा. इथे २०१७ च्या कायद्याने दहा सेंट वाढवले पण हप्त्या हप्त्याने, २०१८ ला चार, मग २०२०, २०२२, २०२४ ला दोन दोन, असे तीसचे चाळीस झाले. ते संपले आणि खड्डा तसाच.

आणि हो, राज्याच्या घटनेतच आहे की गॅस टॅक्सचा पैसा रस्त्यांवरच जाणार, आणि कायद्याने तो वाटला जातो, ५० टक्के राज्याला, ३० काउंट्यांना, २० शहरांना. त्यामुळे "आमचा टॅक्स सायकलवाल्यांना आणि ट्रेनला जातो" वगैरे जे चाललेलं असतं ते अर्धवट आहे, बस-ट्रेनसाठी तो पगारातला वेगळा आहे. गेल्या उन्हाळ्यात ओडॉटने (राज्याचं रस्ते-वाहतूक खातं) ४८३ लोकांना कामावरून काढायच्या नोटिसा दिल्या होत्या, हिवाळ्यात बर्फ काढायच्या गाड्या चालवणारी माणसं त्यात होती. टॅक्स नको म्हणताना बर्फ कोण काढणार तेपण सांगा.

ग्रेशमकर
डांबरवाले, हे सगळं बरोबर असेल हो, पण तुम्ही मीटिंगमध्ये बसून बोलताय आणि मी दिवसाला दीडशे मैल सिएन्ना व्हॅन हाकतो डिलिव्हरीसाठी. माझ्यासाठी ३० डॉलर नाहीये ते. गाडी वीसच्या आत अॅव्हरेज देते, तुम्हीच करा गुणाकार.

आणि "सहा सेंट" असं सुटं सुटं का मोजता? आमच्या बाजूचं बघा. राज्याचे ४० आहेतच. मल्टनोमा काउंटीचे ३ वेगळे. पोर्टलंड शहरात भरलं तर शहराचे १०, ते २०१६ मध्ये चार वर्षांसाठी म्हणून मतदानाने आले, २०२० ला परत, २०२४ ला परत. वर केंद्राचे १८.४. झाले ७१.४ सेंट गॅलनला. त्यात बर्नसाइड पुलासाठी काउंटी गाडीमागे वर्षाला ५६ डॉलर घेते, तो पूल भूकंपात टिकावा म्हणून, टिकू दे बाबा, पण प्रत्येकजण येऊन म्हणतो आमचे थोडेसेच आहेत. आमच्या गावच्या लग्नात आहेर गोळा करतात तसं चाललंय, प्रत्येक चुलत्याचं पाकीट वेगळं.

राग पैशाचा कमी आणि हिशोबाचा जास्त आहे. गेल्या वर्षी बाहेर आलं की ओडॉटचा जमेचा अंदाजच एक अब्ज डॉलरच्या वर चुकला होता. अब्ज! मी दिवसाच्या शेवटी चाळीस डॉलर कमी भरले तर घरी बायको विचारते कुठे गेले. त्यांच्याच अॅबरनेथी पुलाचं काम २४८ मिलियनमध्ये होणार होतं, ते ८१५ वर गेलंय. मग टोल लावू म्हणाले, लोक भडकले, २०२४ मध्ये टोल रद्द. मग हा वाढीचा कायदा. लेबर डेच्या सुट्टीत अधिवेशन बोलावलं, एक सिनेटर पाठीच्या ऑपरेशनमुळे येऊ शकत नव्हते म्हणून महिनाभर ताटकळत ठेवलं कारण एकेक मत मोजूनमापून, सप्टेंबरच्या शेवटी पास केलं. आणि गव्हर्नर बाईंनी सही केली ७ नोव्हेंबरला. सही होईपर्यंत विरोधकांना सह्या गोळा करता येत नव्हत्या आणि मुदत डिसेंबर अखेरची. म्हणजे तीन महिन्यातले जवळपास सहा आठवडे असेच खाल्ले. लोकांना जे झोंबलं ते हे. वाढ मतदानाला न्यायला ७८,११६ सह्या हव्या होत्या, अडीच लाखाच्या आसपास झाल्या, पावसात, थँक्सगिव्हिंगच्या रांगांमध्ये. मीपण केली, बायकोने पण केली, आणि बायको कट्टर डेमोक्रॅट आहे बरं का.

अर्धी_मिसळ
ग्रेशमकर, लग्नातल्या आहेराचं भारी होतं 😄 आणि गंमत अशी की जानेवारी २०२६ मध्ये स्वतः गव्हर्नरच म्हणाल्या की हा कायदा रद्द करा आणि नव्याने मांडा. मग सही कशाला केली होती ते विचारायचं नाही.

डांबरवाला
अंदाज चुकला ते मान्य, त्याचं समर्थन मी करणार नाही, आमच्या ऑफिसमध्ये लोक कपाळावर हात मारून बसले होते. पण एक लक्षात घ्या, जमेचा अंदाज चुकला म्हणजे तेवढे पैसे कोणी घरी नेले असं नाही, जे येणारच नव्हते ते येतील असं धरलं होतं. आणि पुलाचा खर्च वाढला त्यात महामारीनंतरचं स्टील आणि मजुरी आहे. पण २४८ चे ८१५ हे मलापण सांगताना जड जातं, खरं सांगतो.

व्हँकूवरचा_बंड्या
नदीच्या पलीकडून नमस्कार (कॅनडावालं व्हँकूवर नाही, वॉशिंग्टनचं, दर वेळी सांगावं लागतं).

तुम्ही ओरेगनवाले नशीबवान आहात राव. आमच्याकडे १ जुलै २०२५ ला तेच सहा सेंट वाढले, ४९.४ चे ५५.४ झाले, आणि पुढे दरवर्षी दोन टक्के आपोआप, म्हणजे पुन्हा कोणाला मत द्यायलाच नको. डिझेलला अजून वर. त्यात कार्बनवाला कायदा आहे त्याचा बोजा वेगळा, पण तो २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदानाला आला तेव्हा लोकांनीच राखला, तेव्हा आम्हाला तक्रारीचं तोंड नाही.

मी तर शनिवारी पोर्टलंडला खरेदीला येतो (तुमच्याकडे सेल्स टॅक्स नाही ना) तेव्हा टाकी भरूनच परततो. आय-५ च्या पुलावर पाऊण तास अडकून जे जळतं त्यात वाचलेलं सगळं जातं, पण भरल्याचं समाधान मिळतं. एकदा तर मी पंपावर सवयीने खाली उतरलो आणि तिथल्या पोराने हातानेच थांबवलं, म्हटलं अरे हो, तुमच्याकडे अजून अर्ध्या पंपांवर माणूस भरून देतो. २०२३ पासून स्वतः भरायची मुभा आली तरी लोक अजून काच खाली करून बसून राहतात.

एडिसनकाका
न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्याकडे तर अजूनही स्वतः भरायला बंदीच आहे, ते एक सुख. बाकी तुमचे सहा सेंट वाचून हसू आलं. २०१६ मध्ये १ नोव्हेंबरला एका रात्रीत २३ सेंट वाढले आमच्याकडे. आधी रस्त्यांचा फंड आटला, उन्हाळाभर कामं बंद, खोदलेले रस्ते तसेच उघडे, आणि मग लोक दमल्यावर टॅक्स. आदल्या संध्याकाळी ओक ट्री रोडच्या आसपास पंपांवर जी रांग लागली होती, मला आमच्या नाशिकचा बजेटच्या आदल्या रात्रीचा पंप आठवला, लोक स्कूटर ढकलत आणायचे तो.

आणि एकदा लागलेलं खाली येत नाही हे आपल्या महाराष्ट्राच्या माणसाला कोणी शिकवायला नको. २०१५ ला दुष्काळ म्हणून लिटरला दोन रुपये अधिभार लावला, पुढे पाऊस झाला, अधिभार काही गेला नाही, कमीजास्त होत १० रुपये १२ पैशांपर्यंत पोचला. २०२२ मध्ये पाच कमी केले तेव्हा कुठे ५.१२ वर आला. ते १२ पैसे कसले आहेत ते मला आजतागायत समजलेलं नाही.

ज्यांची इलेक्ट्रिक आहे त्यांनीपण हसू नये. आमच्याकडे जुलै २०२४ पासून वर्षाला २५० डॉलर फी, दरवर्षी दहाने वाढणारी, आणि नवीन घेतली तर चार वर्षांची आगाऊ. माझ्या मुलीने घेतली तेव्हा डीलरकडे १,०६० डॉलरची ओळ बघून म्हणाली, बाबा, मी तर गॅस घेतच नाही.

अर्धी_मिसळ
काका, आमच्याकडेपण येतंय ते. कायद्यातला इलेक्ट्रिकचा भाग सह्यांमध्ये नव्हता म्हणून तो चालू आहे, २०२७ पासून मैलावर पैसे, नाहीतर सरसकट ३४० डॉलर वर्षाचे. आणि मैल मोजणं ओरेगनला नवीन नाही, २०१५ पासून ऐच्छिक योजना आहेच. माझा शेजारी त्यात आहे, गाडीत एक डबी लावलेली असते. त्याला सगळ्यात जास्त त्रास बायकोचा, तिला वाटतं डबीमुळे तो कुठे कुठे जातो ते सालेमच्या सरकारला कळतं. तो म्हणतो, कॉस्टको आणि टेंपल, कळू दे.

ग्रेशमकर
मतदानाचं काय ठरतंय? मी नोव्हेंबर ऐकलं होतं, आता मे २०२६ म्हणतायत. मेमध्ये कमी लोक मत देतात म्हणून घाई चाललीये असं आमच्या इथे सगळे बोलतायत. करा काय करायचं ते, बॅलट घरी येतो, भरायला दोन मिनिटं लागतात.

हिल्सबोरोची_सून
सगळ्यांना थँक्यू. अपडेट देते. धुराच्या टेस्टला पहिल्यांदा गाडी परत पाठवली, अर्धी_मिसळ, तुमचा दिवाच निघाला. गॅस कॅप (टाकीचं झाकण) नीट बसत नव्हती, पंधरा डॉलरची नवीन घेतली, दुसऱ्यांदा पास. टायटल जुन्या फीमध्ये झालं, रजिस्ट्रेशन दोन वर्षांचं भरलं, म्हणजे पुढचं काय ते २०२८ मध्ये.

ग्रेशमकर, तुमचा मुद्दा कळला मला, मी नुसता गॅलन बघत होते. त्या आजोबांना सही देता आली नाही याचं आता जरा वाईट वाटतंय, निदान कॉफी तरी द्यायला हवी होती.

आणि काल आईला फोनवर सांगत होते की इथे गॅसवरचा टॅक्स वाढणार होता पण सध्या थांबलाय. ती म्हणाली, मग थांबलाय तोवर दोन सिलिंडर भरून ठेव ना.