वेलीचं कडं सैल पडतंय, गवत गळतंय. काय चुकलं?

प्रश्न:
ऋतू बदलला की दाराशी त्या ऋतूचं काहीतरी असावं, असं मला मनापासून वाटतं. प्लास्टिकची पानं नको होती. म्हणून फिरायला जाताना पिशवी नेली आणि गवताचे तुरे, वाळक्या शेंगा, रंग बदललेली पानं, एक लांब वेल असं सगळं घेऊन आले. वेल हिरवी असतानाच गोल वळवली, त्यात सगळं खोचलं आणि कडं दारावर लावलं. चार दिवस येता-जाता नजर तिथेच जायची. मग वेल सैल पडली, खोचलेलं निसटायला लागलं. तुरे फुटून उंबऱ्यात भुसा पडतोय, पानांच्या कडा मुरडल्यात. दोन शेंगांतून तर पिठासारखी पूड गळतेय. पुन्हा करायचंय, आणि निदान दोन महिने टिकायला हवं.

उत्तर १:
वेल हिरवी वळवलीत ते बरोबरच. सजवायची घाई झाली. वेलीतलं पाणी गेलं की ती बारीक होते, म्हणून वेटोळी ढिली पडतात. कडं वळून सुतळीने चार जागी बांधा आणि दोन आठवडे नुसतं टांगून ठेवा. मग सुतळी पुन्हा आवळून खोचायला घ्या. वेल आधीच वाळली असेल तर दोन-तीन तास कोमट पाण्यात भिजवा, वळते.

बाकी सगळ्याला मात्र उलटा नियम: आधी पूर्ण वाळू द्यायचं, मगच कड्यात घ्यायचं. गवत तर लवकर कापावं लागतं. तुरा पूर्ण पिसारला की बी सुटायला आलेलं असतं, मग तो घरात आणून थांबत नाही. नुकता बाहेर आलेला तुरा घ्या. सात-आठ काड्यांची जुडी अंधाऱ्या, वारं खेळणाऱ्या जागी उलटी टांगा. सरळ ठेवली तर ओल्या माना लवतात आणि तशाच वाळतात. उजेडात रंग उडतो. जुडीला दोरा नको, रबर बँड लावा. काड्या बारीक होत जातात तसं रबर आवळत जातं, दोऱ्यातून त्या गळून पडतात. काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की वाळली समजा.

पाइनचे शंकू मिळाले तर जरूर लावा. दमट हवेत त्यांचे खवले मिटतात, कोरड्या हवेत उघडतात. झाडावरून पडून कितीही दिवस झाले तरी हे चालूच राहतं. माझ्या कड्यातली ही सगळ्यात आवडती गोष्ट.

उत्तर २:
ती पूड किड्यांची आहे. त्या दोन शेंगा आजच बाहेर काढा. नवीन शेंगा पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर गार शेंगांवर दव धरतं आणि पुढे बुरशी येते.

आणि घरात लहान मूल असेल तर गुंजा आणि एरंडाच्या बिया कितीही सुंदर दिसल्या तरी नकोत. दोन्ही विषारी आहेत. सुक्या गवताजवळ पणती किंवा मेणबत्तीही ठेवू नका.

उत्तर ३:
पानांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पातळ पानं वर्तमानपत्रात घालून जड वजनाखाली ठेवायची, पहिले काही दिवस कागद रोज बदलायचा. ओला कागद तसाच राहिला तर पान काळं पडतं. जाड, चिवट पानांची डहाळी असेल तर ग्लिसरीन वापरा: एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी. देठाचं टोक ठेचून त्यात उभी करा, दोन-तीन आठवडे. पाणी उडतं, ग्लिसरीन पानात राहतं, म्हणून पान मऊ राहतं, मुरडत नाही. हिरवा रंग मात्र जाऊन तपकिरी होतो. मला तो जास्त आवडतो.

प्रश्नकर्ती:
तिघांचेही आभार. शेंगा काढून टाकल्या. काल नवी वेल आणून वळवली, चार जागी सुतळी बांधली आणि खिडकीच्या गजाला टांगली. तुऱ्यांची जुडी कपाटामागे उलटी लटकतेय. ताई, ग्लिसरीनमधली डहाळी तयार झाली हे कशावरून ओळखायचं? सगळी पानं एकदम रंग बदलतात, की देठाकडून सुरुवात होते?