पन्नासपर्यंत आकडे पाठ, पण सात चिंचोके मोजता येत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात बालवाडीवर आहे. प्रश्न मोठ्या गटाचा आहे, जूनमध्ये पहिलीला जाणारी मुलं. बहुतेकांच्या घरी अहिराणीच.

आकडे सगळ्यांना तोंडपाठ. पाहुणे आले की आई म्हणून दाखवायला लावते, पोरगं धडाधड पन्नासपर्यंत जातं. पण समोर सात चिंचोके ठेवून ‘कितला शेतस?’ विचारलं की गाडी अडते. तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं, एकाच चिंचोक्यावर ‘तीन, चार’ दोन्ही उरकतात. रांगेत मांडले तर काहींना जमतं. ढीग केला की मोजलेलेच पुन्हा मोजतात. (कपाशीची सरकी वापरून पाहिली, ती फार बारीक. आणि चिंचोका नाकात घालणारा एक महाभाग प्रत्येक वर्गात असतोच, तेव्हा लक्ष ठेवूनच.)

एका मुलीने मात्र मला पार गोंधळात टाकलंय. ती एकेकावर बोट ठेवून बरोबर सातपर्यंत येते. लगेच ‘मग किती झाले?’ विचारलं की पुन्हा एकपासून सुरू. परत विचारलं तर फुरंगटून बसते. ‘मला चार दे’ म्हटलं तर मूठभर उचलून देते. शेवटच्या चिंचोक्याचंच नाव ‘सात’ आहे असं तिला वाटतंय का?

विसाच्या पुढचा घोळ वेगळाच. एकोणतीस म्हटलं की ‘तीस’ ऐकू येतं आणि ३९ लिहून मोकळे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला ती पद्धत पटते. पण घरी आजी एकवीसच म्हणणार, मग मी इथे काय म्हणू?

त्यात पालकांना भरलेली वही हवी. ‘इंग्लिश मीडियमची पोरं शंभरपर्यंत लिहितात, तुम्ही चिंचोके काय खेळवताय?’ हे आठवड्याला एकदा तरी ऐकते. त्यांना काय सांगावं तेही सुचवा.

---

प्रतिसाद:

ताई, ती मुलगी मागे नाही, मधल्या पायरीवर आहे. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, ही समज बोट ठेवून मोजता आल्यानंतरही उशिरा येते. गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीची तत्त्वं मांडली, त्यात हे वेगळं तत्त्वच आहे. शिवाय मोजून झाल्यावर लगेच ‘किती?’ विचारलं की मुलाला वाटतं, आपलं चुकलं, परत मोजायला सांगतायत.

मोजणी संपली की तुम्हीच सगळ्यांभोवती हात फिरवून म्हणा, ‘सात. सात चिंचोके.’ मग वर वाटी पालथी घाला आणि विचारा, ‘वाटीखाली किती?’ आता मोजायला काही दिसतच नाही, आकडा लक्षात ठेवावाच लागतो. सुरुवात तिनापासून करा. ‘मला चार दे’ पक्कं होईपर्यंत पाचाच्या पुढे जाऊ नका, पन्नास कितीही पाठ असू देत.

बोट पळतं त्यांना बोट ठेवायलाच सांगू नका. एका ताटलीतून उचलून दुसरीत टाकायचं, टण आवाज आला की एक आकडा. ढिगाचा प्रश्नही त्यातच मिटतो.

एकवीस की वीस एक? दोन्ही म्हणा. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हातात असली की नावाने फारसं अडत नाही. पण हे पहिली-दुसरीचं काम, आत्ता घाई नको.

पालकांना एकदा वर्गात बसवा आणि त्यांच्याच लेकराला ‘सहा दे’ म्हणायला लावा. दुसरं काही सांगावं लागणार नाही.

आणि पत्ते! अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरोघरी डाव बसतात, पोरं कडेला बसून पंजी-छक्की न मोजता ओळखतात. तेच ठिपके वापरा.

---

धागाकर्ती:

वाटी उद्याच करून बघते. पत्ते नेले तर गावात बोभाटा होईल की ताई पोरांना जुगार शिकवतात, म्हणून पुठ्ठ्यावर ठिपके काढीन. अजून एक: वाटीखाली काहीच ठेवलं नाही आणि ‘किती?’ विचारलं, तर मुलं ‘काहीच नही’ म्हणतील. तिथेच शून्य सांगून टाकू, की पाचापर्यंत पक्कं होऊ देऊ?