पऱ्हाटीतील लिग्निन वेगळे करणारे हरित द्रावक गावपातळीवर परवडतील का?

प्रश्न (घाटंजी, जि. यवतमाळ):
शेवटची वेचणी झाली की आमच्याकडे पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) उपटून धुऱ्यावर रचतात. थोडी चुलीला लागते, उरलेली पेटवून देतात. कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक आम्ल यांच्या मिश्रणात, म्हणजे बिनविषारी ‘हरित’ द्रावकात, लिग्निन (काडीला टणकपणा देणारा घटक) विरघळते, असे वाचनात आले. आमच्या शेतकरी गटाला असा लहान प्रकल्प उभारता येईल का?

उत्तर (अध्यापक, वर्धा):
भाऊ, रसायन म्हणून माहिती बरोबर आहे. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात. असे मिश्रण द्रव कसे होते, ते युरियाच्या उदाहरणाने पाहा: कोलीन क्लोराइड 302 अंश सेल्सिअसला वितळते, युरिया 133 अंशांना. पण कोलीन क्लोराइडच्या एका रेणूस युरियाचे दोन या प्रमाणात मिसळले की मिश्रण 12 अंशांनाच द्रव होते, हे 2003 साली प्रसिद्ध झाले. लॅक्टिक आम्लाच्या मिश्रणात पऱ्हाटीचा भुगा शंभराच्या वर तापवला, तर लिग्निन आणि काही हेमिसेल्युलोज (तंतूंना जोडून असलेला घटक) द्रवात उतरते व सेल्युलोज (तंतूंचा मुख्य घटक) बव्हंशी मागे उरते. गाळलेल्या काळपट द्रवात पाणी ओतताच लिग्निनचा तपकिरी गाळ खाली बसतो.

खरी गोम इथून पुढे आहे. द्रावक पुन्हा वापरायचा तर ओतलेले आणि धुण्यासाठी वापरलेले सगळे पाणी उडवावे लागते, आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे 2.26 मेगाज्यूल उष्णता लागते. शिवाय तापवताना आम्ल आणि कोलीन यांची आपसांत अभिक्रिया होऊन द्रावक हळूहळू बिघडतो. हे द्रावक विषारी नाहीत याचे कौतुक फार होते. ते परत किती मिळतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

प्रश्नकर्ता:
सर, मग अल्कोहोल वापरले तर? ते 78 अंशांनाच उडते.

उत्तर (अध्यापक, वर्धा):
अल्कोहोल परत मिळवणे सोपे, पण त्यात लिग्निन विरघळवण्याची प्रक्रिया साधारण 180 अंशांवर, दाबाच्या बंद भांड्यात चालते. आगीचा धोका आणि परवाने पाहता गावात तो विचार नको.

उत्तर (जिनिंग व्यवसाय, हिंगणघाट):
सरांशी सहमत. त्यात आम्लयुक्त द्रव साध्या लोखंडी टाकीला खातो, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा खर्च आला. गटाने श्रेडर (तुकडे करणारे यंत्र) घेऊन पऱ्हाटीचे तुकडे करावेत, वाळवावेत आणि ब्रिकेटवाल्यांना (दाबून जळणाच्या विटा करणाऱ्यांना) द्यावेत. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड (भुगा दाबून केलेल्या फळ्या) करण्याचे तंत्रही विकसित केले आहे. तिच्या नागपूर केंद्रात चौकशी करा. धुऱ्यावरच्या ढिगात, न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, त्यामुळे तुकडे जितके लवकर होतील तितके पुढच्या हंगामाला बरे.