मदत हवी आहे: खोलीवाला कागदावर सही देत नाही, पगार अडकलाय

कुळागर_फोंडा
तातडीचं आहे म्हणून थेट लिहितो. येऊन तीन आठवडे झाले. खोली घेतली, 600 युरो डिपॉझिट रोख दिलं, पण खोली देणारा सहीचा कागद देत नाही. आज देतो, उद्या देतो, असं चाललंय. कागद नाही म्हणून पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून बँक खातं उघडत नाही, खातं नाही म्हणून पगार नाही. सोबत आणलेले पैसे संपत आले. एचआर म्हणतं, हे तुमचं तुम्ही बघा. घरी आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ज्यांना खरोखर माहीत आहे त्यांनी लवकर सांगा.

दर्यावर्दी
देश कुठला ते लिहिलंच नाही. युरो वीसेक देशांत चालतो. किती महिन्यांसाठी गेलात? पगार गोव्यातून की तिथून?

साष्टीकर_कुवेत
भाऊ, मी 14 वर्षं कुवेतला काढली. तिथंही सिव्हिल आयडी, म्हणजे सरकारी ओळखपत्र, हातात येईपर्यंत माणसाचं काही हलत नाही. असली कामं एचआर करत नाही, कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा माणूस, करतो. त्याला गाठा, चहा पाजा, दोन दिवसांत काम होतं.

कुळागर_फोंडा
जर्मनी, लाइपझिग. वेर्ण्याच्या आमच्या कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलंय, पगार इथल्या शाखेतून मिळणार आहे. इथे मंदूब नसतो हो.

तिरफळ
मी स्टुटगार्टला दोन वर्षं होते, आता म्हापशाला परत आलेय. तुम्ही म्हणता तो कागद म्हणजे घर देणाऱ्याचा दाखला. 2015 च्या नोंदणी कायद्यापासून तो लागतोच, नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. तुमची मुदत टळलीय, पण घाबरू नका. मी पाच आठवड्यांनी गेले होते, मला कोणी दंड केला नाही. एक सांगा, खाली टपालपेटीवर तुमचं नाव आहे का?

कुळागर_फोंडा
नाही. जिन्याखाली आठ पेट्या आहेत, प्रत्येकीवर छापील पट्टी. मी माझं नाव कागदावर लिहून चिकटवलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याने काढून टाकलं. म्हणाला, नको, पत्रं मी आणून देईन. त्याचा इथे काय संबंध?

तिरफळ
सगळा संबंध तिथेच आहे. तो घरमालक नाही, भाडेकरू आहे. मालकाला न विचारता त्याने तुम्हाला पोटभाड्याने ठेवलंय. तुमचं नाव पेटीवर दिसलं तर मालकाला कळेल, म्हणून सही नाही आणि पट्टीही नाही. आणि हे लक्षात ठेवा, पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. नोंदणीनंतर कर क्रमांक पोस्टानेच येतो. आपल्याकडे वाड्याचं नाव आणि बापाचं नाव पुरतं, तिथे नाही.

मांडवीपार
एवढी भानगड कशाला? ओळखीच्या कुणा भारतीयाच्या पत्त्यावर नोंदणी करा. माझ्या चुलतभावाने म्युनिकला तेच केलं.

तिरफळ
कृपया असं सुचवू नका! जिथे राहत नाही तिथला पत्ता देणं बेकायदेशीर आहे. पत्ता वापरायला देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याने मदत केली त्यालाच आपण खड्ड्यात घालायचं?

मांडवीपार
ताई, माझ्या भावाला काही झालं नाही. अडचणीत असलेल्या माणसाला कायदा वाचून दाखवून काय उपयोग?

दर्यावर्दी
उपयोग आहे. त्याच कायद्यात त्याची सुटका आहे. घर देणारा दाखला देत नसेल तर आपण तसं नोंदणी कार्यालयाला ताबडतोब कळवायचं असतं. मग विचारणा त्याच्याकडे होते. आणि मुख्य भाडेकरूलाही घर देणारा म्हणून सही करता येते, मालकच हवा असं नाही. आजच चार ओळींचं ईमेल करा: नाव, पत्ता, कधीपासून राहतोय, दाखला कधी कधी मागितला. भेटीची वेळही तिथेच मागा.

पेडणेकर_61
तुमच्या आजोबांचा जन्म गोवा मुक्तीच्या, म्हणजे 19 डिसेंबर 1961 च्या, आधीचा गोव्यातला असेल तर पोर्तुगालमध्ये त्यांची जन्मनोंद करून पासपोर्टचं बघा. कायमची कटकट मिटेल.

तिरफळ
पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही जर्मनीत पत्ता नोंदवावाच लागतो. शिवाय तो घेतला की भारताचं नागरिकत्व जातं. सहा महिन्यांसाठी गेलेल्याला काय सांगताय?
कुळागर, खात्याचं वेगळं आहे. 2016 पासून तिथे ‘बाझिसकोन्टो’ म्हणजे मूळ खात्याचा हक्क आहे. कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही, कायमचा पत्ता नसला तरी, बँकेला ते द्यावं लागतं. पूर्ण अर्ज दिल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत. पत्रासाठी कंपनीचा पत्ता चालेल का ते एचआरला विचारा. खिडकीवर ‘बाझिसकोन्टो’ हाच शब्द बोला.

साष्टीकर_कुवेत
जेवणाचं काय करतोस बाबा? उकडे तांदूळ मिळतात का तिथे? माझ्या पहिल्या महिन्यात हुमणाची, आपल्या माशांच्या आमटीची, आठवण येऊन गळा दाटायचा.

कुळागर_फोंडा
तांदूळ एका श्रीलंकन दुकानात मिळाले. बांगडा गोठवलेला मिळतो, पण तळला तर छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, शेजारीण वर येते. आईने दिलेली सोलं आहेत, रोज कढी करतो. ईमेल पाठवलंय. बँकेत उद्या जातो.

सत्तरीची_सून
अवांतराबद्दल क्षमस्व. बांगडा तळू नका. तिरफळं ठेचून, हळद-मीठ लावून, पानात गुंडाळून मंद ओव्हनमध्ये ठेवा. धूर होत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सगळं आणून ठेवा.

कुळागर_फोंडा (बारा दिवसांनी)
कळवायचं राहिलं. नोंदणी कार्यालयाला ईमेल केलंय असं मी खोलीवाल्याला सांगितलं, तसा त्याच रात्री तो माझ्या खोलीत येऊन बसला. मालकाला विचारलं नव्हतं, घर जाईल, सही करणार नाही, असं स्पष्ट बोलला. त्याचीही नोकरी गेलेली आहे, माझ्या भाड्यावर त्याचं चाललं होतं. मी भांडलो नाही. सहकाऱ्याच्या ओळखीने दुसरी खोली मिळाली, तिथल्या आजींनी पहिल्याच दिवशी सही दिली आणि पेटीवर पट्टीही स्वतः लावली. तिरफळताईंनी सांगितलेलं खातं उघडलं, पगार जमा झाला. आईला काल सगळं सांगितलं. तुम्हा सर्वांचे, विशेषतः ताईंचे मनापासून आभार, देव बरें करूं.
एकच राहिलंय. डिपॉझिटमधले 400 परत दिले, 200 नंतर देतो म्हणतोय. ते कसे मिळवायचे?

दर्यावर्दी
रोख दिलंत तेव्हा पावती घेतली होती का?